दोन किलो चारशे ग्रॅम

"शोभाबेन, वीस वर्षं रंग तोलताय आणि आज आकडा वाचता येईना?" मिलच्या रंगाईचं काम बघणारा डाइंग मास्टर ओरडला.

शोभाबाई रंगखोलीच्या दारात उभ्या होत्या. समोर चारशे साड्यांचं कापड पडलं होतं. मोरपंखी हवं होतं, फिकं उतरलं होतं.

"स्क्रीनवर होतं तेवढंच तोललं, साहेब."

"उद्यापासून येऊ नका."

पांडेसऱ्यातल्या त्या मिलचं सॉफ्टवेअर कतारगामच्या चार माणसांच्या एका कंपनीनं लिहिलं होतं. त्या चौघांतली प्राजक्ता कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर बिघाड शोधत होती. तो तिला सापडला. रंग लागायचा दोन किलो चारशे ग्रॅम. स्क्रीनवर नुसतेच दोन किलो. कालच तिनं केलेल्या बदलात पॉइंटनंतरचे आकडे गळाले होते.

आधी ती तीन वर्षं पुण्याच्या मोठ्या कंपनीत होती. चुका तिथंही व्हायच्या. पण तिथं चुकीला नंबर मिळायचा, ती सहा जणांकडं फिरायची आणि कुठंतरी मिटून जायची. त्या चुकीनं कोणाचं काय बिघडलं, ते कधी दिसायचं नाही. इथं ते दारात उभं राहून पदरानं कपाळ पुसत होतं.

पुण्याच्या कंपनीनं तिला परत बोलावलं होतं. सोमवारी उत्तर द्यायचं होतं. आत्ता गप्प बसली असती, तर कुणाला पत्ताही लागला नसता. शिवाय या मिलचं काम हातचं गेलं, तर चौघांचं ऑफिस टिकणं अवघड होतं.

तिनं मागं पाहिलं. कंपनीचे मालक अविनाश सर तिच्या खांद्यावरून तीच ओळ वाचत होते.

"सांगून टाक," ते हळूच म्हणाले. "मी आहे."

प्राजक्ता उठली. "मास्टर, यांची चूक नाही. आकडा मी चुकवला."

मग मास्टर अविनाश सरांवर घसरला. सरांनी मान खाली घालून सगळं ऐकलं. त्याला थांबवलं ते शोभाबाईंनी.

"फिकंच आहे ना साहेब, वरून रंग चढेल. गडद झालं असतं, तर गेलं होतं."

दुपारी कापड मोरपंखी होऊन बाहेर आलं. मास्टरनं ते उलटंपालटं केलं आणि शोभाबाईंकडं न बघताच म्हणाला, "उद्या सकाळी वेळेवर या."

"काकू, माफ करा," प्राजक्ता म्हणाली.

शोभाबाईंनी डबा उघडून अर्धी भाकरी तिच्या हातावर ठेवली. "वीस वर्षांत एवढी बोलणी खाल्ली. चूक माझी, असं म्हणायला कुणी समोर आलं नव्हतं. खा. परत चुकलीस तर हाक कुणाला मारायची, ते तरी कळलं."

घास तोंडात असतानाच प्राजक्तानं पुण्याला नकार कळवून टाकला.