पाचव्या रांगेतली अनोळखी बाई

तिकीट फाडणाऱ्याने तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

“एकट्याच? बरोबर लहान मुलं नाहीत?” त्याने विचारलं.

“नाहीत,” ती म्हणाली. “जादू मलाच आवडते.”

तो हसला. ती मान खाली घालून आत शिरली. नाट्यगृहाच्या भिंतीवर सुट्टीतल्या कला-उत्सवाचे फलक लागले होते. शनिवारी कठपुतळ्या, रविवारी सकाळी बालनाट्य, दुपारी सहकुटुंब जादू, पुढच्या आठवड्यात समूहगान. जादूच्या फलकावर तिच्या बाबांचा फोटो होता, काळ्याभोर केसांचा. केस कधीच पिकले होते, फोटो मात्र पिकायचं नाव घेत नव्हता.

बाबांच्या खेळात प्रेक्षकांतलं ‘कुणीही एक’ मंचावर यायचं, आणि ते कुणीही एक म्हणजे घरचंच माणूस. आधी आई जायची. आईचे गुडघे कुरकुरायला लागले तशी ती पडद्यामागे गेली आणि पाचव्या रांगेत लेक येऊन बसली. लग्नानंतर गाव बदललं तरी प्रयोगापुरती ती येतच राहिली. घरचा नियम कडक होता. प्रयोगाच्या दिवशी सकाळपासून बापलेकीने एकमेकांना ओळखायचं नाही. नातं खुंटीला टांगायचं आणि मगच घराबाहेर पडायचं.

गेल्या वर्षी एके ठिकाणी मागून कुणीतरी ओरडलं, “अहो, ती त्याचीच पोरगी आहे!” सगळं सभागृह हसलं. बाबा हातात टोपी धरून नुसते उभे राहिले. त्यानंतर कुणी बोलावलंच नाही. आजचा हा त्यानंतरचा पहिला प्रयोग, आणि आईने तिला फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, “आज परत फजिती झाली ना, तर हे पुन्हा उभे राहायचे नाहीत.”

तिला धास्ती होती ती स्वतःचीच. कुणी ओळखलं तर? सवयीने तोंडातून ‘बाबा’ निघून गेलं तर?

बाबांची काळजी नव्हती. त्यांनी यंदा फारच मनावर घेतलं होतं. परवा ती घरी पोचली तेव्हा दार उघडून म्हणाले, “कोण पाहिजे आपल्याला?”

आई पोट धरधरून हसली. “बघ, प्रयोग रविवारी आणि यांची तालीम आत्तापासून!”

जेवतानाही त्यांनी तिला अहो-जाहो केलं, “भाजी घ्या, लाजू नका” असा आग्रह केला. मुरलेला कलाकार असा असतो, असं तिला वाटलं आणि खरं सांगायचं तर अभिमान वाटला.

शेजारच्या खुर्चीवर एक आजीबाई नातीला घेऊन बसल्या होत्या. त्या तिच्याकडे टक लावून पाहत होत्या.

“तुम्हाला कुठेतरी पाहिलंय हो मी.”

“माझा चेहराच तसा आहे. सगळ्यांनाच कुठेतरी पाहिल्यासारखा वाटतो.”

आजीबाईंचं समाधान झालेलं दिसेना.

पडदा उघडला. पत्ते, रुमाल, कबुतर. बाबांचे हात अजून लोण्यासारखे चालत होते. मुलं खुर्च्यांवर उभी राहिली. तिने जरा श्वास सोडला तोच बाबा पुढे आले.

“आता मला आपल्यातलं कुणीतरी एक हवं आहे!”

हातच हात वर झाले. बाबांची नजर तिच्यावरून सरकली आणि पुढे निघून गेली. ती घाबरली. दुसऱ्याच कुणाला बोलावलं तर खेळच संपला. विंगेत आई मोठ्याने खोकली. बाबांनी तिकडे पाहिलं, मग पाचव्या रांगेकडे बोट केलं.

ती मंचावर गेली.

“आपण याआधी कधी भेटलोय, ताई?”

“नाही.”

“नक्की?”

“नक्की.”

खाली आजीबाई नातीच्या कानात काहीतरी सांगत होत्या.

“मनात एक नाव धरा,” बाबा म्हणाले. “लहानपणी तुमच्या घरात फार लाडकं होतं असं.”

ठरलेलं नाव होतं मोत्या. या नावाचा कुत्रा त्यांच्याकडे जन्मात नव्हता, तरी गावोगावची माणसं त्याच्यासाठी हळहळली होती.

बाबांनी डोळे मिटले आणि ते गप्प झाले. नेहमीपेक्षा फारच गप्प. सभागृहात कुणी खाकरेना. विंगेतून पुन्हा खोकला आला. मग बाबा अगदी हळू म्हणाले,

“भिंगरी.”

भिंगरी म्हणजे तीच. घरात तिला सगळे त्याच नावाने हाक मारायचे. सभागृहात ओळखीचं एखादं जरी माणूस असलं तरी संपलं! आजीबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या होत्या.

“बरोबर,” ती म्हणाली. “आमची मांजर. भिंगरी.”

टाळ्यांचा पाऊस पडला. आजीबाई उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. तिचा जीव भांड्यात पडला.

सभागृह रिकामं होईपर्यंत ती बाहेर थांबली आणि मग मागच्या दाराने आत गेली. बोळात आयोजक आईला पुढच्या उत्सवाचं आमंत्रण देत होते. आई एकाच वेळी रडत आणि हसत होती. रंगपटात बाबा आरशासमोर बसले होते, चेहरा अगदी फुललेला. तिने दार लावून घेतलं. आता ओळख द्यायला हरकत नव्हती.

“जीव घेतला असता ना माझा!” ती हसत म्हणाली. “ठरलेला मोत्या सोडून एकदम भिंगरी?”

बाबा अदबीने उठले. त्यांनी तिला हात जोडले.

“तुमच्यामुळे आज लाज राहिली, ताई,” ते म्हणाले आणि काळजीने दाराकडे पाहू लागले. “आता आणखी एक काम कराल? माझी मुलगी पाचव्या रांगेत बसणार होती, ती काही मला दिसली नाही. बाहेर गर्दीत जरा ‘भिंगरी’ म्हणून हाक मारून बघता?”