रत्नाकरचे संवाद

तीस वर्षं रत्नाकर खोत मूकाभिनय करून, एक शब्दही न बोलता लोकांना हसवत आला होता. दुबईतल्या पार्ट्या, मस्कतची लग्नं, दौऱ्यामागून दौरे. साठी उलटल्यावर त्याला सिनेमा मिळाला. वाळवंटातला काउबॉयपट, आणि त्यात नायकाचा बडबड्या दोस्त. रोल्ला भागातल्या आपल्या फ्लॅटमध्ये तो दिवसभर संवाद घोकायचा. बायकोचे, हेमाचे, कान किटले.

प्रीमियरला पडद्यावरचा रत्नाकर बोलू लागला आणि हेमाने त्याचा हात घट्ट धरला. आवाज त्याचा नव्हता. दुसऱ्याच कुणाचा तरी, भरदार.

"सर, तुमचा आवाज फार बारीक येत होता, म्हणून डब केला," दिग्दर्शक मध्यंतरात म्हणाला. "आता खलास, काही बदलता येणार नाही."

आठवड्याने खलिफा सिटीत राहणाऱ्या लेकीचा, अस्मीचा फोन आला. त्याने तो स्पीकरवर घेतला. तिच्या लहानपणी तो कायम दौऱ्यावर. आता ती नुसते मेसेज करायची.

"बाबा, पिक्चर पाहिला! युअर व्हॉइस इज सो ब्युटिफुल. आय क्राइड."

"अहो, द्या इकडे, मी सांगते तिला खरं काय ते," हेमा म्हणाली.

रत्नाकरने तिचा हात बाजूला सारला, घसा खाकरला आणि होईल तेवढा आवाज जाड करून म्हणाला, "थँक्यू, बाळा."