मधलं बटण

बेल वाजली तेव्हा मिस्त्री कोमट पाण्याच्या टबात बसलेले होते. मूळव्याधीच्या ऑपरेशनला आज पाचवा दिवस. दिवसातून तीन वेळा, दर वेळी दहा मिनिटं, असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. आता कुठं सहा मिनिटं झाली होती.

"दुकानातलं कुणीतरी आलंय," बायको बाथरूमच्या दाराला तोंड लावून कुजबुजली. "खुर्ची घेऊन आलेत."

"कंबर म्हणून सांग. फक्त कंबर."

"पाच दिवस तेच सांगतेय. तुमच्या सख्ख्या बहिणीलाही कंबरच सांगितली. ती बिचारी मालिशवाली पाठवते म्हणतेय."

सैल पायजमा चढवून, भिंत धरत मिस्त्री बाहेर आले. बाहेरच्या खोलीत टायर उभा होता.

नेमका टायर. खुर्च्या-सोफ्यांना गाद्या बसवायच्या त्यांच्या दुकानात अकरा वर्षांपूर्वी हा पहिल्याच दिवशी बसायला हवा भरलेली रबराची कडी घेऊन आला होता. दिवसभर बसून शिवायचं काम, त्यात त्याला मूळव्याध. आणि त्यानं ती लपवली नव्हती. "काय रे, टायर आणलास, गाडी कुठं लावलीस?" असं मिस्त्रींनी सगळ्यांदेखत विचारलं, आणि दुकान पोट धरून हसलं. तेव्हापासून तो टायर. दुकानाच्या मालकाच्या तोंडीसुद्धा टायरच. तो कामातून मधेच उठला की "पंक्चर झालं वाटतं", हेही मिस्त्रींचंच. आता खरं कळलं असतं, तर त्या दुकानात पुन्हा पाऊल टाकायची सोय उरली नसती.

"कंबर काय म्हणतेय, मिस्त्री?"

"आहे. धरलीय अजून."

"आम्ही सगळ्यांनी मिळून केली ही." टायरनं खुर्चीवरचा कागद सोडवला. "कमरेला मऊ चालत नाही म्हणे, म्हणून स्प्रिंगा घातल्याच नाहीत. खाली सबंध फळी, वर दाबून भरलेला काथ्या. आणि हे बघा."

बैठकीच्या बरोबर मधोमध कापडानं मढवलेलं एक बटण होतं. मधलं बटण ही मिस्त्रींची खूण. त्यांच्या हातची खुर्ची त्यावरून ओळखू यायची. पण एरवी ते गादीत खोल रुतलेलं असे. इथं काथ्या इतका गच्च होता, की बटण बोराएवढं वर राहिलं होतं.

"तुमच्याच खुर्चीला तुमची खूण नाही, असं कसं चालेल? बसा. मला जाऊन सांगायचंय सगळ्यांना."

"बसतो रे नंतर."

"नंतर कसं? माणूस बसवून बघितल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना?"

पाण्याचा ग्लास घेऊन आलेली बायको काहीतरी बोलणार होती. मिस्त्रींनी तिला डोळ्यांनीच गप्प केलं आणि ते बसले.

डोळ्यांपुढे काजवे चमकले. मिस्त्री हसले.

"झकास," ते म्हणाले. "काथ्या चांगला बसलाय." बोटं खुर्चीच्या हातांवर अशी आवळली होती, की पेरं पांढरी पडली. कपाळावरून घामाची धार कानामागे गेली. खाली काहीतरी ओलं लागलं.

टायर बोलायचा थांबला. माणूस बसला की तोंडाकडे बघायचं नाही, वजन कुठं पडतंय ते बघायचं, हेही मिस्त्रींनीच शिकवलेलं. तो तेच बघत होता. जवळजवळ सगळं वजन हातांवर. थोडं डाव्या मांडीवर. कंबर तर अगदी मोकळी, ठणठणीत.

"उठा, मिस्त्री," तो हळूच म्हणाला. त्यानं स्वतःच दंडाला धरून त्यांना उठवलं.

बटणाच्या कडेला नाण्याएवढा लाल डाग पडला होता. टायरनं खिशातून खडू काढला आणि डाग दिसलाच नाही अशा रीतीनं बटणाभोवती एक गोल आखला. टेप काढली नाही. माप त्याला पाठ होतं.

"एवढं फळीसकट कापून आणतो. कडेला दुहेरी शिलाई घालतो, म्हणजे टोचणार नाही. कोमट पाण्यात बसता ना?"

मिस्त्रींनी मान हलवली. वर बघवेना.

"पहिला आठवडा जीव नकोसा होतो. मग उतरतं."

"दुकानात काय सांगशील?"

"कंबर." टायरनं खडू पुसून खिशात ठेवला. "आणि फळीचा सांधा वर आला होता, म्हणून खुर्ची परत आणली. माझ्याच हातची चूक."

टायरनं खुर्ची उलटी करून खांद्यावर घेतली.

"चहा घेतल्याशिवाय जायचं नाही हं, भाऊ," बायको स्वयंपाकघराकडे वळता वळता म्हणाली. मग थांबून तिनं मिस्त्रींना विचारलं, "अहो, यांचं नाव काय म्हणालात?"

मिस्त्रींनी तोंड उघडलं.

टायरही दारात थांबला. खुर्ची तशीच खांद्यावर, मान थोडी वळवलेली. उत्तर त्यालाही ऐकायचं होतं.