उखाण्यातलं नाव

"अहो!" धक्क्यावरून सुमतीबाईंनी हाक मारली. टूरमधले तीन नवरे एकदम वळले, पण त्यांत बाईंचे 'हे' नव्हते. लिंबू सरबत आणायला ते डोंगरावरच्या त्या इटालियन गावात चढून गेले होते, त्यांचा मोबाइल इथंच बाईंच्या पर्समध्ये होता आणि जहाजाकडे परतणारी शेवटची लाँच भोंगा देत होती.

टूर मॅनेजरनं कर्णा पुढे केला. "काकू, तुमचा आवाज ओळखतील. नावानं हाक मारा!"

बाईंनी कर्णा तोंडाशी धरला. चाळीस वर्षांत ते नाव त्यांनी फक्त उखाण्यात घेतलं होतं. खलाशी दोर सोडू लागला, तसे त्यांनी डोळे मिटले.

"दिगंबर! अरे ए दिगंबर!"

पायऱ्यांवरून धापा टाकत ते आले.

"आई गेल्यापासून," डोळे पुसत ते म्हणाले, "अशी हाक कुणी मारलीच नव्हती गं."