वरचे पाच टक्के

"घरबसल्या ऑनलाइन बोली लावायची तर वर पाच टक्के! लुटारू मेले." एव्हरिलने नवऱ्याच्या पुढ्यात लिलावाचा अर्ज सरकवला. "त्यापेक्षा लेखी बोली देऊन ये. सहाशे पौंडांपर्यंत. आपल्या वतीने लिलाववालाच आकडा चढवत नेतो, फुकटात."

"सहाशे?" डेसने टोस्ट चावला. "ते घड्याळ धड वाजतही नाही गं."

"आईचं आहे. ग्लेनिसने नेलं ना, तर तिच्या दारात पाऊल ठेवणार नाही."

धाकट्या ग्लेनिसला आईचे निळे डोळे मिळाले, मोत्यांची माळ मिळाली. एव्हरिलच्या मनात सगळं तारीखवार नोंदलेलं होतं. आता आईच्या माघारी घरातलं सामान लिलावात निघालं होतं.

डेस गेला. एव्हरिलने बशा उचलल्या, तर मार्मलेडच्या बरणीखाली अर्ज तसाच!

तिने फोन लावला. तो खुंटीवरच्या कोटात वाजला.

"विसरभोळा मेला!" म्हणत तिने लॅपटॉप उघडला. गेले पाच टक्के तर गेले.

पडद्यावर एकटा लिलाववाला दिसत होता. त्याने खाली पाहिलं. "ऐंशी, इथे माझ्यापाशी."

खाली म्हणजे पहिली रांग. तिथे कोण बसलं असणार, हे एव्हरिलला कुणी सांगायला नको होतं. चर्चमध्येही ग्लेनिसला पुढचाच बाक लागे.

एव्हरिलने बटण दाबलं. शंभर.

त्याने खाली पाहिलं. "एकशेवीस."

"चढ, बये, चढ!" एव्हरिल पडद्यावर खेकसली.

सहाशेला त्याने पुन्हा खाली पाहिलं. एव्हरिलने सहाशेवीस केले. या वेळी त्याने मान हलवली आणि हातोडा आपटला.

बिल लगेच आलं. बोली सहाशेवीस, लिलावघराची दस्तुरी एकशेपंचावन्न, ऑनलाइनचे एकतीस, हाताळणीचे बारा. आठशेअठरा. नव्या बॉयलरसाठी साठवलेले सगळे गेले. पण ग्लेनिसचा चेहरा पडला असेल, त्या मानाने स्वस्तच. एव्हरिलने स्वतःसाठी शेरी ओतली.

दुपारी डेस आला, तो टोपी चुरगाळतच.

"रागावू नकोस हं. अर्ज इथेच राहिला, म्हणून तिथे दुसरा भरून दिला, सहाशेचा. ग्लेनिस फिरकलीही नाही. सभागृहात एक हात वर झाला नाही, ऐंशीतच आपलं व्हायचं गं! पण कुणीतरी माथेफिरू घरी बसून बटण दाबत सुटला."