डेट्रॉइटची कॅसेट

"बंद कर ते!" भिवा दारातूनच ओरडला. "कोण मेलं? का कोणाचं लगीन हाय?"

वसंताने घाईने टेप बंद केला. कोणी मेलं नव्हतं, कोणाचं लग्नही नव्हतं. भर दुपारी घरात टेपरेकॉर्डरवर एक कॅसेट वाजत होती, एवढंच. पण भिवाच्या लेखी ठेका वाजला की कोणाच्या तरी घरी काहीतरी असायलाच पाहिजे. बाविसाव्या वर्षापर्यंत तो वाटूर गावभर गळ्यात हलगी अडकवून हिंडला होता. पाटलांकडची वरात असो, मयत असो की दवंडी, सांगावा आला की हातातला घास ताटात टाकून पळायचं. छप्पन साली तो नागपूरहून दीक्षा घेऊन आला आणि भर चावडीसमोर त्याने विळ्याने हलगीचं कातडं फाडलं. गावाने वर्षभर त्याला कामाला बोलावलं नाही. त्याने रस्त्यावर खडी फोडली, पण दबला नाही. त्याला आता छत्तीस वर्षं झाली. तेव्हापासून ह्या घरात कशावर थाप पडली नव्हती, आणि आपण जिवंत असेतोवर पडणार नाही, असं त्याने पोराला बजावून ठेवलं होतं.

पोराचं मात्र भलतंच. वसंता वाटूर फाट्यावर रेडिओ आणि टेप दुरुस्त करायचा. तिथे त्याच्या हाती एक रिदम मशीन लागलं होतं. बटणांचा एक चपटा डबा, दाबला की आतून ठेका निघायचा. जालन्याच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याने 'हे तबल्यासारखं वाजतच नाही' म्हणून ते टाकून दिलं होतं. वसंता त्यापायी खुळा झाला. गिऱ्हाईक दारात ताटकळत असायचं आणि हा आत ठेके जुळवत बसायचा. बापाच्या धाकाने ते घरी आणायची छाती होत नव्हती. आज त्याने पिशवीत घालून आणलं होतं. आज बोलायचंच. नाही पटलं तर मशीन उचलायचं आणि जालन्याला खोली घेऊन राहायचं, ह्या घरात परत यायचं नाही, इथपर्यंत त्याने ठरवलं होतं.

"बा, ही कॅसेट अण्णासाहेबानं धाडली," तो म्हणाला. अण्णासाहेब त्याचा शाळेतला जोडीदार, आता अमेरिकेत डेट्रॉइट शहरी मोटारीच्या कंपनीत इंजिनिअर. "संगं चिठ्ठी बी हाय. वाचू का?"

भिवा पायताण काढून आत आला. म्हणजे वाच.

अण्णासाहेबाने लिहिलं होतं की इथले मोटारींचे कारखाने एकामागून एक बंद पडत आहेत, अर्धं शहर ओस पडलंय. ही कॅसेट इथल्या काळ्या पोरांची. त्यांचे पणजे गुलाम होते आणि बाप कारखान्यांत राबले. खऱ्या ढोलासारखी वाजत नाहीत म्हणून लोकांनी काढून टाकलेली मशीनं ह्या पोरांनी सात-आठ वर्षांमागे गोळा केली. त्यांनी ती ढोलासारखी वाजवलीच नाहीत, मशीनसारखीच वाजवली. आता ते ऐकायला लंडनची आणि बर्लिनची माणसं जीव टाकतात.

भिवा खाटेवर बसला.

"सांगावा कोणाचा यायचा त्या पोरायला?"

"कोणाचाच न्हाई, बा."

"मंग वाजवायचे कोणाच्या दारात?"

"सोताच्याच घरात. आपल्या जिवासाठी."

असंही असतं, हे भिवाला अठ्ठावन्न वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. हलगी फाडल्याचा त्याला एक दिवसही पस्तावा झाला नव्हता. पण हात किती तळमळायचे, हे त्याने बायकोलाही कधी कळू दिलं नव्हतं.

"लाव," तो म्हणाला.

वसंताने कॅसेट लावली. भिवा मान खाली घालून जाणकारासारखा ऐकत होता. "दम घेत न्हाई गडी," तो शेवटी पुटपुटला. मग पिशवीकडे हनुवटीने खूण करून म्हणाला, "त्याच्यात काय लपवलं ते मला दिसत न्हाई व्हय? दाखव तुहं बी."

वसंताने मशीन टेपरेकॉर्डरला जोडलं आणि आपला ठेका सोडला. भांडी हादरली. वस्तीतली माणसं बाहेर आली, आणि त्याच वेळी दारासमोर एक मोटारसायकल थांबली.

साहेबराव होते, जुन्या पाटलांचे चिरंजीव. माणूस वाईट नव्हता. बाप 'भिव्या' म्हणून हाका मारायचा, हे 'भिवामामा' म्हणायचे.

"वसंता, जबरदस्त हाय की रे हे!" ते गाडीवरूनच म्हणाले. "परवा आमच्या पोरीची हळद हाय. जल्दी ये बरं का घेऊन, चारलाच. भिवामामा, घरचंच काम हाय, न्हाई म्हणू नका."

वसंताचा चेहरा उतरला. छत्तीस वर्षांनी सांगावा आला होता, आणि तो वसंताच्याच ठेक्यामुळे आला होता. आता बा मशीन अंगणात भिरकावणार, ह्यात त्याला शंका उरली नाही. त्याने बटणाकडे हात नेला.

भिवाने त्याचं मनगट धरलं.

"हे हळदीचं न्हाई, साहेबराव," तो शांतपणे म्हणाला. "पोरगं आपल्या जिवासाठी वाजवून राह्यलंय. तुमाला ऐकायचं असंल तर आत या."

असं म्हणून तो खाटेवर जरा सरकला आणि शेजारी जागा केली. साहेबरावांनी त्या जागेकडे पाहिलं, जमलेल्या वस्तीकडे पाहिलं. ह्या घराच्या आत ते जन्मात आले नव्हते. गाडी बंद करावी की वळवावी, हे त्यांना सुचेना.

भिवाने पोराचं मनगट सोडलं. "त्यायच्यासाठी थांबू नको," तो म्हणाला. "वाजव."