उपाशी पोटी बाजार

“सकाळचा नाश्ता बंद. आता दुपारी बारालाच जेवणार. वजन उतरेल, किराण्याचा खर्चही,” ह्यांनी जाहीर केलं. यादीबाहेरची काडेपेटीसुद्धा कधी घरात न आणणारा हा माणूस. मी गेली कित्येक वर्षं काजू मागते आहे.

रविवारी अकराला मी हातात पिशवी दिली. यादीत तूरडाळ आणि साबण, एवढंच. हे आले ते दोन पिशव्या भरून. बाकरवडी, आंबापोळी, श्रीखंडाचा डबा, आणि चक्क काजू. डाळ मात्र विसरले.

“अहो, हे काय?”

“सगळंच खावंसं वाटत होतं,” ते पिशवीकडे बघत म्हणाले. “पुढच्या वेळी जेवूनच जातो.”

“भर उन्हात कशाला? सकाळीच जा,” मी काजू तोंडात टाकला. “पुढच्या रविवारी दिवाळीचं सामान आणायचंय.”